छाट

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना छाट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. बाई विडी कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा घरी आणते. पानं भिजवते, पत्र्याचं माप ठेवून कापते, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळते, जुड्या बांधते आणि दुसऱ्या दिवशी शाखेत नेऊन देते. तिथे एक माणूस बसलेला असतो. तो मूठभर विड्या उचलतो, दोन बोटांत दाबून बघतो आणि काही बाजूला टाकतो. ही पोकळ, ही फुटकी, ही आखूड. बाजूला पडलेला तो ढीग म्हणजे छाट. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे ठरलेली. आमच्याकडच्या शाखेत छाटीचे पैसे मिळत नसत आणि विड्याही परत मिळत नसत. त्यांचं पुढे काय होतं यावर गल्लीत बरीच मतं होती. त्या विड्या चुलीत गेल्या असं मात्र कोणाचंच मत नव्हतं.

हल्ली मी यंत्राला मराठी शिकवते, माणसासारखी उत्तरं देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला. मूळ धंदा भाषांतराचा. माहितीपत्रकं, औषधांच्या खोक्यातले कागद, विम्याचे अर्ज, असलं रोजचं काम. ते यंत्राकडे जायला लागलं तेव्हा मराठी येणाऱ्या माणसांची मागणी एकाच ठिकाणी वाढत होती, त्या यंत्राच्याच शाळेत. ज्याने काम नेलं त्यालाच शिकवायचं, यात काही जणांना नियतीचा खेळ वगैरे दिसतो. मला घराचा हप्ता दिसला. एका परदेशी प्लॅटफॉर्मवर नोंदणी केली, परीक्षा दिली, गोपनीयतेच्या करारावर सही केली आणि टास्क यायला लागले. कोणाच्या मॉडेलसाठी, म्हणजे कोणत्या कंपनीच्या यंत्रासाठी, काम चाललंय हे आम्हाला सांगत नाहीत. प्रोजेक्टला फुलांची नाहीतर पक्ष्यांची नावं असतात.

टास्क कसा असतो ते बघा. वर कोणीतरी विचारलेला प्रश्न: ‘वडील वारले. सातबाऱ्यावर आईचं नाव लावायचंय. काय करावं लागेल?’ खाली डावीकडे यंत्राचं एक उत्तर, उजवीकडे दुसरं. डावीकडचं वाचायला गोड. सुरुवातीला दोन ओळी सांत्वनाच्या आणि मग, आधी जिल्हा न्यायालयात जाऊन अमुक प्रमाणपत्र आणा, असं ठोकून दिलेलं. उजवीकडचं भाषेने खडबडीत, पण बरोबर: मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा, फेरफार धरला जाईल, हरकतींसाठी नोटीस निघेल, मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतील. कोपऱ्यात घड्याळ उलटं चाललेलं. मी उजवीकडच्याला वरचे गुण दिले, का दिले ते सविस्तर लिहिलं आणि पाठवलं. नंतर कधीतरी तो टास्क रिजेक्ट झालेला दिसला. कारण इंग्रजीत, एका ओळीत: डावीकडच्या उत्तराचा सूर अधिक नैसर्गिक आहे.

त्या ओळीमागच्या माणसाला मराठी येत होतं का, तो मनिलात बसला होता की म्हैसूरला, की तोसुद्धा एक मॉडेलच होता, हे कळायला मार्ग नाही. दाद मागायला फॉर्म आहे. त्याचंही उत्तर एका ओळीत येतं. टास्कचे पैसे गेले, क्वालिटी स्कोर खाली आला, आणि स्कोर खाली आला की क्यूमध्ये कामच कमी दिसायला लागतं. माझं लिहिलेलं कारण, वारस नोंद कशी होते ते पायरीपायरीने समजावणारं, त्यांच्या सर्व्हरवर आहे तिथेच आहे.

आमच्या जुन्या शेजारच्या अक्कांना हे एकदा फोनवर सांगत होते. अक्कांनी उभा जन्म विड्या वळल्या. मॉडेल, टास्क, स्कोर यातलं काही त्यांना लागलं नसावं. त्यांनी एवढंच विचारलं, “छाट परत देतात का गं?”

“नाही अक्का. त्यांच्याकडेच राहते.”

“मग सेमच आहे की,” म्हणाल्या, आणि लगेच नातवाच्या लग्नाचा विषय काढला.

सेमच आहे का, हे मात्र माझ्या डोक्यात बसलं, आणि मी विडीचा कायदा शोधून वाचला. 1966 साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला होता. त्यात कामगार म्हणजे कारखान्यात बसून काम करणारा, एवढंच धरलेलं नाही. मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कच्चा माल नेऊन घरात विड्या वळणारी बाईही त्या कायद्याच्या नजरेत कामगारच. विडीच्या मालकांना हे अर्थातच आवडलं नाही. या बायका आमच्या नव्हेतच, त्या ठेकेदाराच्या, किंवा कोणाच्याच नाहीत, असा त्यांचा पवित्रा. मंगळूरच्या विडी कारखानदारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1974 मध्ये न्यायालयाने कायद्याच्या मुख्य तरतुदी उचलून धरल्या. त्याच कायद्याचं 39वं कलम वाचून मी खुर्चीत सरळ बसले. कच्चा माल किती दिला, विड्या का नाकारल्या, नाकारलेल्या विड्यांची मजुरी द्यायची की नाही, या वादांचा निकाल नेमलेल्या अधिकाऱ्याने करायचा, असं त्यात लिहिलंय. छाट हा शाखेत बसलेल्या माणसाच्या मर्जीचा विषय नाही, तो वाद आहे आणि त्याला निवाडा हवा, इतकं या देशाच्या संसदेला साठ वर्षांपूर्वी कळलं होतं.

आता कोणी म्हणेल, कागदावर सगळंच असतं. खरं आहे. आमच्या गल्लीतल्या किती बायकांनी ते 39वं कलम वापरलं असेल? माझ्या माहितीत एकीनेही नाही. ओळखपत्रासाठी, भविष्यनिर्वाह निधीसाठी सोलापूरच्या बायकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. त्यातून तंबाखूच्या धुळीने छाती पोखरणारं ते काम. त्याचे गोडवे गाण्यासारखं काही नाही. पण मोर्चा न्यायचा तर तो कोणाच्या दारात न्यायचा, हे त्या बायकांना ठाऊक होतं.

नैरोबीत नेमकं हेच अडलं. जानेवारी 2023 मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने केनियातल्या काही कामगारांची हकीकत छापली. चॅटजीपीटी तेव्हा नुकतंच गाजायला लागलं होतं. ते शिवराळ आणि हिंसक बोलू नये म्हणून घाण ओळखणारी एक चाळण बनवायची होती, आणि चाळणीला घाण ओळखायला शिकवायचं तर आधी माणसांनी ती वाचून तिच्यावर शिक्के मारायला हवेत. हे काम चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने 2021 च्या अखेरीस सामा नावाच्या कंपनीला दिलं आणि सामाने ते नैरोबीतल्या माणसांकडून करून घेतलं. बालकांवरचे अत्याचार, खून, आत्महत्या, छळ यांची वर्णनं. नऊ तासांच्या पाळीत दीडशे ते अडीचशे उतारे वाचायला लागत, असं कामगारांनी सांगितलं. कंपनीने तो आकडा नाकारला आणि सत्तर सांगितला. सत्तर धरा. दिवसाला असले सत्तर उतारे वाचून संध्याकाळी घरी जाऊन जेवायचं.

हातात पडायचे ताशी 1.32 ते 2 डॉलर, तेव्हाच्या भावाने साधारण 110 ते 165 रुपये. करारात मात्र दर ताशी साडेबारा डॉलरचा होता, हजार रुपयांच्या आसपास. मधली रक्कम कुठे गेली? सामाचं म्हणणं, त्यात इमारत, सोयी, तपासनीस, टीम लीडर असा सगळा खर्च आला. असेलही. एवढं मोठं अंतर खर्चातच कसं भरून निघतं, हे विचारायला त्या कामगारांपैकी कोणीही त्या कराराच्या टेबलाशी नव्हतं, इतकंच मी म्हणते.

यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे सामा ही काही लुटारूंची टोळी नव्हे. 2008 मध्ये लैला जना या भारतीय वंशाच्या तरुणीने ती काढली. गरिबाला दान नको, काम द्या, हे तिचं सूत्र होतं, आणि तिने ते मनापासून धरलं होतं असं तिच्याबद्दल जे वाचलंय त्यावरून वाटतं. सुरुवातीला संस्था विनानफा होती, पुढे नफ्याची कंपनी झाली. जना 2020 मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी वारली. त्यानंतरच्या दोनच वर्षांत हे उतारे आले. चांगल्या हेतूने उभी केलेली गोष्ट हेतूवर किती काळ चालते, याचा अंदाज त्यावरून येतो.

याच सामाकडे फेसबुकच्या मजकुराची छाननी करणारी माणसंही होती. त्यांनी कोर्टात दावे लावले तेव्हा फेसबुकची मालक असलेल्या मेटाने बाजू मांडली की आमचं केनियात काही नाहीच, ही माणसं आमची नोकर नाहीत, इथल्या कोर्टाला आमच्यावर अधिकार नाही. मंगळूरचे विडी कारखानदार ऐकतायत ना? फेब्रुवारी 2023 मध्ये केनियाच्या कामगार न्यायालयाने हा मुद्दा फेटाळला आणि सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या अपील न्यायालयानेही मेटावर केनियात खटला चालू शकतो असं सांगितलं. मधल्या काळात, 1 मे 2023 ला, नैरोबीत दीडशेहून जास्त कामगार एकत्र आले आणि त्यांनी संघटना करायचं ठरवलं. माझ्या मते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिशास्त्रात आजवर झालेल्या सर्वांत ठोस गोष्टी याच, आणि त्या कुठल्या परिषदेत झालेल्या नाहीत.

परिषदा होतातच. युनेस्कोने नोव्हेंबर 2021 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिमूल्यांची शिफारसपत्रिका काढली, 193 देशांनी ती मान्य केली. फेब्रुवारी 2025 मध्ये पॅरिसला शिखर परिषद झाली. भारत सहअध्यक्ष होता. सर्वसमावेशक आणि टिकाऊ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जाहीरनाम्यावर अमेरिका आणि ब्रिटनने सही केली नाही. या कागदांमध्ये प्रतिष्ठा, न्याय, पारदर्शकता, विविधता सगळं असतं. मी ते वाचते तेव्हा भाषांतरकाराच्या सवयीने शोधते की दर किती, कधी मिळणार आणि काम नाकारलं तर काय. ते सापडत नाही. यंत्र पक्षपाती आहे का, उद्या ते आपल्यावर उलटेल का, हे प्रश्न मोठ्या हिरिरीने चघळले जातात. त्यातले काही महत्त्वाचेही आहेत. पण ते विचारताना यंत्र जणू आपोआप उगवलं असं धरून चालतात.

उगवलं नाही. 2009 च्या सुमारास इमेजनेट नावाचा चित्रांचा प्रचंड साठा तयार झाला, ज्याच्यावर यंत्रं बघायला शिकली. त्यातली चित्रं 167 देशांतल्या जवळपास 49 हजार माणसांनी अ‍ॅमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या प्लॅटफॉर्मवर, चित्रामागे काही पैसे घेऊन निवडली. संशोधकांची नावं आज पाठ्यपुस्तकात आहेत आणि ती असायलाच हवीत, कल्पना त्यांची होती. त्या 49 हजारांचा उल्लेख आकडा म्हणून होतो. आणि हा धंदा आता चिल्लर राहिलेला नाही. जून 2025 मध्ये मेटाने स्केल एआय या कंपनीत 14.3 अब्ज डॉलर घालून 49 टक्के हिस्सा घेतला. त्या कंपनीचा मूळ व्यवसाय काय? हाच, शिक्के मारून घेण्याचा. सूप मांडीवर घेतलेल्या बायकांना जगभरातून काम वाटायचं आणि माल तपासून घ्यायचा.

या उतरंडीत मी सर्वांत खाली नाही, हेही सांगायला पाहिजे. माझ्याकडे लॅपटॉप आहे, इंग्रजी आहे, डोक्यावर छप्पर आहे आणि मला वाचावं लागतं ते सातबाऱ्याबद्दल, बालकांच्या छळाबद्दल नाही. तरी जर्मन भाषेसाठी हेच काम निघालेलं जाहिरातीत पाहिलं तेव्हा दर आमच्या कितीतरी पट होता. प्रश्न तेच, पट्टी तीच, घड्याळ तेच. तिथलं जीवनमान महाग, हे उत्तर मला माहीत आहे. पण मॉडेल विकताना कंपनी पुण्यातल्या गिऱ्हाइकाला महिन्याच्या वर्गणीत त्या मानाने सूट देते का, हे कोणी तरी मला सांगा.

आणि वर्गणीचं एक वेळ सोडा, कच्च्या हिशेबातही मराठीचं माप वेगळं होतं. ही यंत्रं मजकुराचे तुकडे पाडून वाचतात. त्या तुकड्याला टोकन म्हणतात, आणि मॉडेल वापरून ज्यांना आपलं अ‍ॅप बनवायचं असतं त्यांना टोकनमागे पैसे मोजावे लागतात. मे 2024 मध्ये ओपनएआयने नवं मॉडेल आणताना एक तक्ता दिला होता. एकच वाक्य वेगवेगळ्या भाषांत. नमस्कार, मी अमुक मॉडेल, भेटून आनंद झाला, अशा थाटाचं. जुन्या पद्धतीत इंग्रजी वाक्याचे तुकडे होत 27 आणि मराठीचे 96. म्हणजे शेतकऱ्यासाठी मराठीत काही बनवू बघणाऱ्या लातूरच्या पोराला त्याच वाक्यासाठी साडेतीन पट मोजावे लागत. कारणात कुणाचा दुष्टावा नाही. तुकडे कसे पाडायचे हे यंत्र ज्या मजकुरावरून शिकलं त्यात इंग्रजीचा महापूर होता आणि देवनागरीची ओंजळ. इंग्रजीचा अख्खा शब्द एका तुकड्यात मावायचा, आपल्या अक्षरांचा चुरा व्हायचा. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख होते. इंटरनेटवरच्या मजकुरात त्या मानाने आपण कुठेच नव्हतो.

नव्या पद्धतीत इंग्रजीचे 24 आणि मराठीचे 33. ही खरी सुधारणा आहे, हातचं न राखता म्हणते. ज्यांनी ती केली त्यांना तिचं श्रेय आहे. फक्त 96 चे 33 व्हायला जो मराठी मजकूर लागला असेल तो कोणी लिहिला होता? वर्तमानपत्रांच्या उपसंपादकांनी, ब्लॉगवाल्यांनी, विकिपीडियावर रात्री जागून लेख लिहिणाऱ्या हौशी माणसांनी. त्यातल्या कोणाला कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. मराठीला जागतिक स्थान मिळतंय म्हणून आपल्याकडे आनंद होतो तो मला समजतो. मलाही होतो. तो आनंद मजुरीच्या खात्यात जमा धरला जातो, ही माझी तक्रार.

मात्र सगळं खापर परदेशावर फोडून आपण मोकळे होऊ, तर तसंही नाही.

आवाज उतरवून घ्यायचं एक काम मध्यंतरी आलं होतं. छोट्या क्लिपा ऐकायच्या आणि ऐकलं तसं लिहायचं. एका क्लिपमध्ये एक आजी बोलत होत्या. मागे कुठेतरी कोंबड्यांची कालवाकालव. ‘म्या म्हन्लं आवंदा पानी न्हाई त कापूस कशाला लावतूस, पर आइकंल त खरं.’ गाइडलाइनमध्ये दोन सूचना होत्या: ऐकलं तसं लिहा, आणि प्रमाण मराठीच्या नियमांनुसार लिहा. दोन्ही एकाच पानावर. मी ऐकलं तसं लिहिलं. परत आलं, शुद्धलेखनाच्या चुका म्हणून. या वेळी रिव्ह्यूअर मराठीच होता हे नक्की, कारण शेरा मराठीत होता आणि शेऱ्यात थोडी नाराजीही होती: असं अशुद्ध लिहिल्यास मॉडेल बिघडेल. म्हणजे आजींचं बोलणं हीच अशुद्धी. मग त्या क्लिपा ‘अस्पष्ट’ असा शिक्का मारून सोडून देण्याकडे सगळ्यांचा कल व्हायला लागला. वेळ वाचतो, स्कोर सांभाळला जातो. आजी अगदी खणखणीत बोलत होत्या हो. पण अशा हजार आज्या अस्पष्ट ठरल्या की उद्या पीकविम्याच्या हेल्पलाइनवर जे यंत्र बसेल ते त्यांना म्हणणार, माफ करा, आपलं बोलणं समजलं नाही, कृपया पुन्हा बोला. सदाशिव पेठेने पूर्वी वऱ्हाडाला, मराठवाड्याला जे ऐकवलं तेच आता फोनवरून ऐकवलं जाईल, फक्त अधिक नम्रपणे.

यावर वेगळी वाट कोणी शोधलीच नाही असं नाही, आणि ती शोधताना मराठीच हाताशी घेतली गेली होती, हे फार थोड्यांना माहीत असेल. मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूतल्या संशोधन केंद्रातून निघालेल्या ‘कार्या’ या प्रकल्पातल्या संशोधकांनी 2020 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी मराठी बोलणाऱ्यांचे तीन गट घेतले: खेड्यातली कमी उत्पन्नाची माणसं, शहरातली कमी उत्पन्नाची माणसं आणि विद्यापीठातले विद्यार्थी. फोनवर वाक्य दिसणार, ते वाचून रेकॉर्ड करायचं, त्याचे पैसे मिळणार. 36 जणांकडून 109 तासांचा आवाज जमा झाला. निष्कर्ष असा की गरीब माणसांनी दिलेलं काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचं होतं. वाचताना मला थोडं हसू आलं, कारण हे सिद्ध करून दाखवायला निबंध लागला. पण लागला, कारण असली कामं द्यायची तर शिकलेल्या शहरी पोरांनाच द्यायची अशी रीत होती.

पुढे कार्या स्वतंत्र विनानफा संस्था झाली. तिचे एक संस्थापक मनू चोप्रा स्वतः दिल्लीच्या झोपडवस्तीत वाढलेले. ताशी साधारण पाच डॉलर मजुरी, म्हणजे नैरोबीच्या दुपटीहून जास्त, आणि दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते: तो आवाज पुन्हा कोणाला विकला गेला तर बोलणाऱ्याला त्यातला वाटा. गायकाला मिळतं तसं मानधन कापसापावसाबद्दल बोलणाऱ्या बाईला. हे शक्य नाही, खर्चात बसत नाही, हिशेब ठेवणं अवघड, असं जे सांगितलं जातं त्याला हे जिवंत उत्तर आहे. जी कंपनी माझा स्कोर दशांश चिन्हाच्या पुढे दोन घरं मोजते तिला वाटा मोजता येत नाही, हे मी तरी मानणार नाही.

तरीही कार्याकडे बघताना मला लैला जना आठवतात. आज भले लोक तिथे आहेत म्हणून ताशी पाच डॉलर आहेत. उद्या?

म्हणून फिरून फिरून मी कायद्यावर येते. 21 नोव्हेंबर 2025 पासून आपल्याकडे चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. 1966 चा विडी कायदा त्यातल्या एकीत विलीन झाला. दुसरीत, सामाजिक सुरक्षेच्या संहितेत, प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांचा आणि गिग कामगारांचा केंद्राच्या कायद्यात पहिल्यांदाच उल्लेख आला. डिलिव्हरीवाले, रिक्षा-टॅक्सीवाले यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के हिस्सा कल्याण निधीत भरायचा, वगैरे. चांगलंच आहे. पण गिग कामगाराची व्याख्याच अशी आहे की मालक-कामगार या परंपरागत नात्याच्या बाहेर राहून कमावणारा तो. साठ वर्षांपूर्वीच्या कायद्याने घरातल्या बाईला ओढून नात्याच्या आत घेतलं होतं, आणि नव्या व्याख्येने आम्हाला बाहेर उभं करून वर निधी दिला. शिक्के मारणारे, आवाज देणारे, उत्तरं तपासणारे यांची छाट कोणी का आणि कशी ठरवायची, याबद्दल मला त्यात काही सापडलं नाही. केनियातही आपोआप काही सापडलं नव्हतं. तिथे माणसं कोर्टात गेली.

आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, मराठी रेटर्सचा, म्हणजे यंत्राच्या उत्तरांना गुण देणाऱ्यांचा. गोपनीयतेच्या करारामुळे कामाबद्दल बोलायचं नाही, त्यामुळे बराच काळ तिथे फक्त सुप्रभात चालायचं. मग नांदेडच्या एका ताईंनी एक शीट टाकली. टास्कचा मजकूर लिहायचा नाही, फक्त तारीख, प्रकार, लागलेली मिनिटं, रिजेक्टचं कारण आणि बुडालेली रक्कम. करार मोडत नाही आणि हिशेब राहतो. दोन-चार जणांनी भीतभीत भरायला सुरुवात केली, मग बाकीच्यांनी. कोल्हापूरचा एक मुलगा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो म्हणाला, नुसती शीट ठेवून उपयोग नाही, तक्रार कुठेतरी नोंदवून ठेवू, निकाल लागो न लागो. त्याने एका सरकारी कार्यालयातून फॉर्म आणला आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. अर्जदाराचं नाव, कामाचं स्वरूप, मजुरीचा दर इथपर्यंत सगळं सुरळीत भरलं. पुढचा रकाना मालकाचं नाव आणि पत्ता. आमचा करार ज्या कंपनीशी आहे तिची नोंदणी अमेरिकेतली, पैसे पाठवते ती दुसरीच आणि मॉडेल कोणाचं ते आम्हाला माहीत नाही.

ताई म्हणाल्या, “तिन्ही लिहा. जिचं माहीत नाही तिथे ‘माहिती मिळावी’ असं लिहा.”

“रकान्यात एवढी जागा नाहीये ताई.”

“मग पुरवणी जोड की रे.”